जुन्या मोटारीची विद्युत्-व्यवस्था : तापल्यावर हरपणारी ठिणगी

या आठवड्यात टायमिंग लावण्याची रीत सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु जवळा बाजारहून एका वाचकांचे जे पत्र आले आहे, त्यातील प्रश्न इतका मार्मिक आहे की तो विषय तूर्त तहकूब करणेच मला इष्ट वाटते. त्यांची प्रीमियर पद्मिनी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते, औंढा नागनाथापर्यंत सुरळीत जाते आणि भर दुपारी परतताना वाटेत एकाएकी बंद पडते. अर्ध्या तासाने मात्र विनातक्रार चालू लागते. मिस्त्रीला दोष सापडत नाही, ही त्यांची मुख्य फिर्याद.

तो सापडत नाही, कारण गाडी मिस्त्रीकडे पोहोचेपर्यंत दोष निवालेला असतो. या प्रकरणाचा पंचनामा जागेवरच, इंजिन तापलेले असतानाच, झाला पाहिजे.

माझा प्रथम संशय कंडेन्सरवर आहे, आणि बोटाच्या पेराएवढ्या या डबीविषयी चार शब्द अधिक लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या कॅडिलॅकसाठी सिद्ध केलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची योजना कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या पद्मिनीपर्यंत मूलतः अबाधित राहिली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून तीन-चार अँपियर प्रवाह वाहतो. ते उघडताच चुंबकीय क्षेत्र कोसळून बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. परंतु खंडित झालेला प्रवाह पॉइंटांच्या फटीतून उडी घेऊ पाहतो, आणि त्याला क्षणमात्र आपल्या ठायी सामावून घेणारा, सुमारे 0.2 मायक्रोफॅरड क्षमतेचा कंडेन्सर शाबूत नसेल, तर क्षेत्र कोसळण्याऐवजी रेंगाळते, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत पोहोचते ती पिवळसर, निस्तेज ठिणगी. चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगाने हे 6000 वेळा घडते. जुन्या कंडेन्सरमधील कागदी आवरण उष्णतेने दुबळे होऊन गळू लागते, आणि मराठवाड्याचा वैशाख त्यात भर घालतो.

गाडी बंद पडताच डिस्ट्रिब्युटरच्या मध्यावरील जाड वायर काढावी, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक कार्बोरेटरपासून दूर, इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्याकडून सेल्फ मारवावा. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइल-कंडेन्सर निर्दोष. मग रोटर आणि कॅप पाहून, तेही ठीक असल्यास, पेट्रोलची वाफ नळीत अडकली आहे काय, हे पाहावे. ठिणगी नसेल तर कॉइलला करंट मिळतो की नाही, हे टेस्ट लॅम्पने तपासावे. बल्ब पेटला नाही तर दोष स्विचकडील वायरिंगमध्ये.

बल्ब पेटला, तर जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून चांगल्या स्थितीतला दुसरा कंडेन्सर तात्पुरता जोडावा: त्याची वायर पॉइंटच्या टर्मिनलला, डबी बॉडीला. जुना आधी सोडवणे अगत्याचे, कारण तो आतून शॉर्ट असेल तर नवाही निरुपयोगी ठरेल. तेवढ्याने ठिणगी परतली तर रुजुवात झाली; न परतल्यास पॉइंट स्वच्छ करून पाहावे आणि मगच कॉइलकडे वळावे. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालूच राहिल्याने कॉइल भाजून निघण्याचे प्रकार कमी नाहीत.

पत्रलेखकांनी या तपासाचा निष्कर्ष, विशेषतः ठिणगीचा रंग, अवश्य कळवावा. टायमिंग पुढील आठवड्यात.