पिस्टन आधी, बोअर मागाहून

कलाशाखेच्या वार्षिकांकात पिस्टनचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आमच्या टेंभुर्णीत काय किंवा जाफराबाद तालुक्यातल्या इतर गावांत काय, ज्या घराच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत धूळ खात उभी आहे, त्या घराला हा विषय कधी ना कधी भेटतोच.

आमच्या थोरल्या काकांची बुलेट अशीच कित्येक वर्षे उभी होती. चालू केली की निळा धूर ओके आणि चढाला दम टाकी. इंजिन खोलले, ब्लॉक एका वर्कशॉपमध्ये बोअरिंगला दिला आणि त्यानंतर आम्ही पिस्टन शोधायला निघालो. कापलेल्या मापाचा पिस्टन काही मिळेना. जो मिळाला तो ढिला. अखेर ब्लॉकला स्लीव्ह टाकावी लागली. खर्च दुप्पट झाला आणि काकांची बोलणी खावी लागली ती वेगळीच! त्या फजितीतून जे शिकलो ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट, झीज मोजणे. बुलेट ३५० चा मूळ बोअर ७० मिलिमीटर व स्ट्रोक ९० मिलिमीटर. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथवर पोहोचते त्याच्या जरा खाली, आणि पिस्टनचा दाब ज्या बाजूस पडतो त्या बाजूस तो अधिक झिजतो. म्हणून वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे बोअर गेजने मोजावे. येथे एक मेख आहे. समजा, झीज ०.१८ मिलिमीटर आली. मग ०.२५ चा ओव्हरसाइझ पिस्टन पुरेल, असे वाटते. पण ती सारी झीज एकाच बाजूची असेल, तर मूळ मध्य न ढळू देता भिंत साफ करण्यास व्यासात त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.३६, वाढ लागेल. तेव्हा ०.५० चाच पिस्टन घ्यावा लागतो.

ओव्हरसाइझ पिस्टन सामान्यतः ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांनी मिळतात. ज्या सर्वांत लहान पायरीत भिंत साफ होते तीच निवडावी. एकदा कापलेले लोखंड परत येत नाही. आज विनाकारण १.०० वर उडी मारणारा मनुष्य पुढची तीन दुरुस्त्या आजच खर्चून टाकतो. ताकद वाढेल म्हणावे, तर ७० चा बोअर ७१ झाला तरी ३४६ सी.सी.चे जेमतेम ३५६ होतात.

दुसरी गोष्ट, फट. ब्लॉक बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तापमान १०० अंशांनी वाढले, की ७० मिलिमीटरचा पिस्टन सुमारे ०.१४ ने फुगतो, बिडाचा बोअर मात्र सुमारे ०.०८ नेच. शिवाय पिस्टन ब्लॉकपेक्षा अधिक तापतो. फट कमी ठेवली तर तो भर रस्त्यात जाम होतो. जास्त ठेवली तर खडखडतो आणि तेल वर चढते. किती फट ठेवायची हे पिस्टनच्या घडणीवर ठरते, म्हणून त्या पिस्टनच्या कारखान्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. पिस्टन वर निमुळता व किंचित अंडाकृती असतो. त्याचे माप माथ्याशी न घेता खालच्या स्कर्टवर, गजन पिनेला काटकोनात घ्यावे.

तिसरी गोष्ट, नुसता व्यास जुळून भागत नाही. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून पाहावी. ती जास्त असेल तर माथा व्हॉल्व्हला भिडण्याचा धोका; कमी असेल तर कॉम्प्रेशन जाते. पिनेची जाडी व पिस्टनचे वजनही पाहावे. वजनात मोठा फरक पडला की गाडी थरथरते.

जावा-येझदीवाल्यांनी अधिकच जपावे. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच पोर्ट उघडतो आणि मिटतो. स्कर्टची लांबी किंवा कटाव चुकला, तर पोर्ट उघडण्याची वेळच चुकते. रिंगांची टोके पोर्टमध्ये अडकू नयेत म्हणून खाचेत बारीक खुंट्या असतात, त्यांची जागा तपासावी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बनत असे. तो १९९६ साली बंद पडला. त्यामुळे त्या जुन्या गाड्यांचा पिस्टन घेताना डब्यावरच्या नावावर न विसंबता मायक्रोमीटरवर विश्वास ठेवावा.

म्हणून क्रम असा: आधी झीज मोजावी, मग पायरी ठरवावी, मग पिस्टन व रिंगा हाती घ्याव्यात, आणि तो पिस्टनच मिस्त्रीपुढे ठेवून त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. शेवटी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने पाहावी. दर २५ मिलिमीटर व्यासास साधारण ०.१ हा ढोबळ हिशेब. ७० ला सुमारे ०.२८.

अंगरखा शिवताना आधी अंगाचे माप घेतात. आम्ही आधी कापड कापले आणि मग अंग शोधत हिंडलो! काकांची बुलेट आज पुन्हा रस्त्यावर धावते. परंतु तिचा मूळ ब्लॉक वाचला असता, ही हळहळ राहिलीच आहे. ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.