जुना लॅपटॉप, घरचा मीडिया सर्व्हर आणि मधमाश्यांची मोजणी

कपाटावर धूळ खात पडलेला एखादा जुना लॅपटॉप तुमच्याही घरी असेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि असे कितीतरी लॅपटॉप ‘आता काय उपयोगाचे’ या खात्यात गेले. भंगारात देण्याआधी हा लेख वाचा. त्याच लॅपटॉपवर घरचा मीडिया सर्व्हर करता येतो. म्हणजे व्हिडिओ एकाच मशीनवर ठेवायचे आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर वाय-फायवरून पाहायचे. सिनेमे, कीर्तनं, लेक्चर्स यासाठी लोक तो वापरतातच. मी तो वापरला कांद्याच्या फुलांवरच्या मधमाश्या मोजायला. त्यात जी चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा खटाटोप.

गरज का पडली?

कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे बी धरायला पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जावा लागतो आणि हे काम मुख्यतः कीटक करतात. शनिशिंगणापूर-घोडेगाव पट्ट्यात कांदा भरपूर. बियाण्याच्या प्लॉटमध्ये गोंडे फुलले की ट्रायपॉडवर फोन लावायचा, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ घ्यायचे आणि घरी बसून मोजायचं: किती माश्या आल्या, आग्या किती, सातेरी किती, फुलोरी किती. फुलोरा काही आठवड्यांचा. हंगाम हुकला की वर्ष गेलं.

एकट्यानं मोजून भागत नाही. दुसऱ्या माणसानं तेच व्हिडिओ, तुमचे आकडे न बघता मोजायचे असतात. दोघांचं कितपत जुळतं यावर मोजणीचा भरवसा ठरतो. (माशीची जात ओळखण्यातलं एकमत मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ वापरतात. त्यावर पुन्हा कधीतरी.) माझा दुसरा निरीक्षक म्हणजे धाकटा भाऊ.

आता हे व्हिडिओ त्याला द्यायचे कसे? व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की ते दाबून लहान होतात. ड्राइव्हवर टाकायचे तर हिशोब करा. फोन साधारण १७ मेगाबिट प्रतिसेकंद या दरानं रेकॉर्ड करत असेल, तर दहा मिनिटांचा व्हिडिओ होतो सुमारे १.२८ जीबी. असे ९० व्हिडिओ म्हणजे ११५ जीबी. अपलोडचा वेग ५ मेगाबिट धरला तरी सलग ५१ तास लागतात. त्यात शनी अमावस्येच्या गर्दीत गावातलं मोबाइल नेटवर्क कसं धापा टाकतं, ते इथं आलेल्यांना माहीत आहे. घरातल्या वाय-फायला मात्र बाहेरच्या इंटरनेटची गरजच नसते.

मशीन कसं निवडाल?

प्रोसेसर ६४-बिट, रॅम किमान ४ जीबी. स्क्रीन फुटलेली असली तरी चालेल. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर जुनं मशीनही सुसह्य होतं. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण विजेचं गणित. डेस्कटॉप सरासरी ५० वॉट खात असेल तर २४ तासांत १.२ युनिट, महिन्याला ३६. लॅपटॉप १५ वॉट धरला तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास. शिवाय लाइट गेली तर त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती आधी काढून टाका, यात हयगय नको.

बसवायचं कसं?

१. लॅपटॉपमधले जुने फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करा. पुढच्या पायरीत डिस्क पुसली जाणार आहे.

२. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाका. एक्सएफसीई आवृत्ती हलकी असते. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर मशीन झोपणार नाही असं करून ठेवा.

३. जेलीफिन बसवा. हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ‘एम्बी’नं आपला सोर्स कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यातून फुटून हे निघालं. त्यांच्या अधिकृत साइटवर मिंट-उबंटूसाठी एका ओळीची कमांड दिली आहे. टर्मिनलमध्ये तेवढी चालवायची.

४. व्हिडिओंसाठी वेगळा फोल्डर करा, तुमच्या होम फोल्डरच्या बाहेर. नवशिके इथंच अडकतात. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरनं चालतं आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये डोकावायची त्याला बहुतेक वेळा परवानगी नसते. मग लायब्ररी रिकामी दिसते आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो. त्याला फक्त वाचायची परवानगी द्या, लिहायची नको. मग चुकून कुणी ‘डिलीट’ दाबलं तरी मूळ फाइल शाबूत.

५. राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, पुढे विसर्गासारखं चिन्ह आणि ८०९६ टाका. सेटअपचं पान उघडेल.

६. लायब्ररी करताना प्रकार ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ निवडा. ‘मूव्हीज’ निवडलंत तर सर्व्हर तुमच्या प्लॉट क्रमांक ३ ला कुठल्यातरी सिनेमाचं नाव आणि पोस्टर चिकटवायला बघेल.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे गाव, प्लॉट आणि वेळ. असं केलं की यादी आपोआप तारखेनुसार लागते.

आता ती चूक

सगळं सुरू झालं. मी लॅपटॉपवर मोजत होतो, भाऊ फोनवर. आकडे जुळेनात. आग्या माश्या जवळपास सारख्या, पण फुलोरीचा माझा आकडा दर वेळी जास्त. आधी वाटलं, त्याचं लक्ष नाही. त्याला दोनदा टोकलंही. तो म्हणाला, “दादा, मला दिसतच नाहीत, तर मोजू काय?”

त्याचं खरं होतं. सर्व्हर फाइल दोन प्रकारे दाखवतो. समोरच्या मशीनला मूळ फाइल झेपत असेल तर ती जशीच्या तशी पाठवतो. याला ‘डायरेक्ट प्ले’ म्हणतात. झेपत नसेल, किंवा तिथं क्वालिटी कमी ठेवलेली असेल, तर तो चालता चालता नवा, हलका व्हिडिओ बनवून पाठवतो. हे ‘ट्रान्सकोडिंग’. भावाच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटी खाली होती. दाबलेल्या चित्रात मोठी आग्या टिकते, पण इवलीशी फुलोरी गोंड्याच्या पांढऱ्या ठिपक्यांत विरून जाते. आम्ही दोघं एकच फाइल उघडत होतो आणि वेगवेगळी चित्रं बघत होतो. हे लक्षात आलं नसतं, तर ‘निरीक्षकांमध्ये मतभेद’ एवढं लिहून मी मोकळा झालो असतो आणि दोष त्याच्या माथी गेला असता.

उपाय तीन. पहिला, फोनच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग एच.२६४ मध्ये ठेवा. हे २००३ चं मानक असल्यानं जवळपास सगळीकडे थेट चालतं. २०१३ चं एच.२६५ जागा कमी घेतं, पण अनेक ब्राउझर आणि जुनी मशीन्स तिथं अडखळतात. दुसरा, जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय आणि ते डायरेक्ट आहे की ट्रान्सकोड, हे दिसतं. मोजणीच्या वहीत त्याचा एक रकाना ठेवा. तिसरा उपाय सगळ्यात पक्का: निरीक्षकाच्या खात्याला व्हिडिओ ट्रान्सकोडिंगची परवानगीच काढून घ्या. मग व्हिडिओ मूळ रूपात दिसेल, नाहीतर दिसणारच नाही. चुकीचं दिसण्यापेक्षा न दिसलेलं परवडतं. आईच्या खात्याला ती सूट राहू द्या, कीर्तनाला चालतं.

दाराचं काय?

आमच्या गावच्या घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ मध्ये युको बँकेनं इथं शाखा उघडली, तेव्हा दाराला कुलूप न लावून गावाचा मान राखला, पण रोकड सांभाळायची सोय वेगळी केली. सर्व्हरचंही तसंच ठेवा. घरात सगळ्यांना खुला, पण प्रत्येकाला पासवर्ड. राउटरमधून पोर्ट उघडून तो थेट इंटरनेटवर अजिबात आणू नका.

आणि सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच, ती गेली की हंगाम गेला. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरंच उघडून बघा.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक वापरताना आपण आधी त्याचं कॅलिब्रेशन करतो. मूळ घटना आणि तुमचा डोळा यांच्यामध्ये जे जे येतं ते उपकरणच, मग तो मोडका लॅपटॉप का असेना. येत्या रविवारी एवढंच करा: एक दहा मिनिटांचा व्हिडिओ दोन वेगळ्या स्क्रीनवर लावा, डॅशबोर्ड बघा आणि दोन्हीकडे सगळ्यात लहान गोष्ट कोणती दिसते ते वहीत लिहा. मोजणी त्यानंतर सुरू करा.