नेव्हिलचे तीन गोल आणि स्मरणाचा आधार

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. १९३२ साली गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले नेव्हिल मुंबईत नावारूपास आले. टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. तो सामना आपण १-४ असा गमावला, पुढे बल्गेरियाकडूनही हरलो आणि चौथ्या स्थानावर राहिलो. तरीही चार गोलांसह नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. १९८० साली, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काही सहकाऱ्यांना दीर्घायुष्य लाभले. मात्र ते निर्वेध नव्हते. संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये, ९२व्या वर्षी निवर्तले. त्यांना अल्झायमरने ग्रासले होते. पी. के. बॅनर्जी २०२० मध्ये ८३व्या वर्षी गेले. अखेरच्या काळात त्यांना कंपवात आणि स्मृतिभ्रंश होता. सामन्याची नोंद ग्रंथांत सुरक्षित राहिली. पण तो खेळलेल्या दोघांच्या उत्तरायुष्यात स्मृतीलाच ग्रहण लागले.

हे खेळामुळे झाले काय?

एकेका व्यक्तीविषयी असे म्हणता येत नाही. वाढते वय हाच स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा जोखीमघटक आहे. तथापि प्रश्न निराधारही नाही. स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ऱ्हासाशी निगडित आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. चेंडू डोक्याने मारण्याचे वारंवार बसणारे आघात यामागे असावेत, असा संशय आहे. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. म्हणून नातवंडांना खेळापासून रोखू नये. लहान वयात डोक्याने चेंडू मारण्याचा सराव तेवढा टाळावा. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये २०२० पासून लहान मुलांच्या सरावात तसा निर्बंधच आहे.

जुने का टिकते?

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अशा घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचे सारे तोंडपाठ! हा हट्ट नव्हे, ढोंग तर नव्हेच. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठविणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो. जुन्या आठवणी, विशेषतः दहा ते तीस या वयातील, तुलनेने उशिरा पुसल्या जातात.

याच तत्त्वावर स्कॉटलंडमध्ये २००९ पासून एक उपक्रम सुरू आहे. स्मृतिभ्रंश झालेले फुटबॉलप्रेमी ठरावीक दिवशी एकत्र जमतात. जुनी छायाचित्रे आणि सामन्यांच्या पुस्तिका हाताळत गप्पा मारतात. या स्मरणोपचाराने आजार बरा होत नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत त्याचे लाभ मर्यादित दिसले. परंतु संवाद थोडा सुधारतो, वृद्धाश्रमांतील जगणे काहीसे सुखाचे होते. आणि खर्च जवळजवळ नाहीच.

आपल्या घरी कसे करावे?

खडवली, टिटवाळा, कल्याण परिसरातील आजच्या अनेक आजोबांनी लोकलने मुंबई गाठून नोकरी केली. त्यांच्यापैकी कुणी कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिले असतील, कुणी गावच्या जत्रेतील कुस्त्या. आजींच्या आठवणी झिम्मा-फुगडीच्या असतील, भातलावणीच्या असतील. विषय त्यांचा हवा, आपला नव्हे.

दिवसातील शांत वेळ निवडावी. वीस मिनिटे पुरेत. हातात एखादी वस्तू द्यावी : जुने छायाचित्र, पदक, रेल्वेचा पास, पितळी तांब्या. ‘हा कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये; ‘हे छायाचित्र किती छान आहे’ एवढे म्हणून थांबावे. तपशील चुकला तरी दुरुस्ती करू नये. तीन गोलांचे पाच झाले तरी काय बिघडले? एखादी आठवण दुःखद निघाली, तर हात हाती घेऊन ऐकावे आणि हळूच विषय बदलावा. खडवलीसारख्या ठिकाणच्या वृद्धाश्रमांत आठवड्यातून एकदा अशी बैठक भरविणे अवघड नाही. सांगितलेले वहीत टिपून ठेवावे. पुढे शब्द आटले की तीच वही वाचून दाखविता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. विसरणे म्हणजे म्हातारपणच, असे गृहीत धरू नये. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधे यांमुळेही स्मरण मंदावते आणि त्यावर उपचार आहेत. दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ वाढल्यास जंतुसंसर्गाची शक्यता असते. त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.

सांभाळ करणाऱ्यांनी स्वतःलाही विसरू नये. तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकताना कंटाळा येणे स्वाभाविक आहे. त्याचा अपराध वाटू देऊ नये. घरातील दुसऱ्या कुणाला बसवावे आणि आपण अर्धा तास नदीकाठी फिरून यावे. अकराव्यांदा ऐकण्याचे बळ त्यातूनच येते.