ओव्हनची बटणं रुसतात तेव्हा...

रंकाळ्यावरून येणारा दमट वारा, आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे, सादळलेली काडेपेटी आणि पाझरणारं मीठ! शिवाजी पेठेतल्या गृहिणीला पावसाळ्याची ही सारी कौतुकं पाठ असतात. मग ओट्यावरच्या मायक्रोवेव्हनं तरी काय पाप केलंय? ऐन डब्याच्या घाईत आपण बटण दाबतो आणि तो ढिम्म हलत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "एक धपाटा घाल की गं, हुतंय बघ चालू!" चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर होतात आणि 'हे' पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "नवीनच आणू या."

मैत्रिणींनो, यातलं काहीच करू नका. आधी दुखणं काय आहे ते बाहेरूनच ओळखू या.

बहुतेक ओव्हनची बटणं ही खरी बटणं नसतातच. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात आणि मध्ये बारीकशी फट असते. बोटानं दाबलं की वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि एका चपट्या पट्टीतून आतल्या बोर्डाला निरोप जातो. फोडणीचा तेलकट थर, कुकरची वाफ किंवा पावसाळी ओल त्या फटीत शिरली की निरोप पोचत नाही, नाहीतर भलताच पोचतो.

आता क्रमानं तपासा. पहिलं म्हणजे, घड्याळाचे आकडे दिसतात का? दिसत नसतील तर त्याच पॉइंटला मिक्सर लावून पाहा. तोही चालला नाही, तर बिचारा ओव्हन निर्दोष आहे!

आकडे दिसताहेत, पण एकही बटण चालत नाही? मग मुलांसाठी असलेलं कुलूप, म्हणजे चाइल्ड लॉक, लागलं असेल. पडद्यावर कुलपाची खूण किंवा इंग्रजी 'एल' दिसतं. पुष्कळ ओव्हनमध्ये 'स्टॉप'चं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की ते सुटतं. नक्की रीत सोबतच्या पुस्तिकेत असते.

वेळ लावता येते, पण 'स्टार्ट' होत नाही? दार नीट लागलंय का पाहा. दाराच्या आकड्यांपाशी अन्नाचा कण अडकला तरी ओव्हन सुरू होत नाही, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं.

लाइट जाऊन-येऊन झाली असेल तर पिन काढून दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा लावा. बोर्ड गोंधळला असेल, तर कधी कधी एवढ्यानं ताळ्यावर येतो.

एवढ्यानंही भागलं नाही, तर पिन काढलेली असतानाच साबणाच्या पाण्यातलं फडकं घट्ट पिळून बटणांवरून हलकेच फिरवा आणि कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. पाणी किंवा फवारा थेट मारू नका. मग दिवसभर पंख्याखाली राहू द्या.

दुसऱ्या दिवशी आत कपभर पाणी ठेवून (ओव्हन रिकामा कधीच चालवू नये!) एकेक बटण दाबा आणि कुठली मुकी आहेत ते कागदावर लिहा. एकाच ओळीतली तीन-चार बटणं गेली असतील, तर बहुधा पापुद्र्याची रेघ तुटलेली असते. सगळीच गेली असतील, तर चपटी पट्टी किंवा बोर्ड.

गृहिणीचं काम इथं संपलं. स्क्रूला हात लावायचा नाही, मुलालाही लावू द्यायचा नाही. ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे दोन हजारांच्या आसपास करतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये हा दाब पिन काढल्यावरही साठून राहू शकतो. तो झटका जिवावर बेततो. ओव्हन न दाबता आपोआप सुरू होत असेल, तर लगेच पिन काढा आणि दुरुस्तीपर्यंत लावूच नका.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत शिरलं होतं. असा पुरात बुडालेला ओव्हन वरून वाळलेला दिसला, तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय पिन लावू नये.

मेकॅनिक आला की "बंद पडलाय" एवढंच सांगू नका. तो कागद पुढं ठेवा आणि विचारा, "नुसता बटणांचा पापुद्रा बदलून भागेल का, की बोर्डच गेलाय?" आपल्याला कळतंय म्हटल्यावर समोरचाही जपून बोलतो, बरं का! खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा, पावती घ्या. वॉरंटी शिल्लक असेल, तर कंपनीच्याच माणसाला बोलवा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

आणि हो, तांबड्या रश्श्याची तर्री जिथं उडते, त्या शेगडीलगत ओव्हन ठेवू नका. मागं-वर हवेला जागा सोडा, ओल्या हातानं बटणं दाबू नका. पुस्तिका आणि पावती मात्र एकाच पिशवीत घालून फडताळात ठेवा. गरजेच्या वेळी ती हाताशी हवीत.