शून्य खाली राहिले

(नभोवाणीवरील भाषणावरून)

गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते. बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि आकडेमोड घरखर्चापुरती उरली. पण माझी मुलगी महाविद्यालयात गणित शिकवते, आणि मध्यंतरी तिने मला एका आकड्याने चांगलेच अस्वस्थ केले.

तो आकडा २१०. चाचणीत एका मुलाने दोनाच्या दहाव्या घाताचे उत्तर २१० लिहिले होते. खरे उत्तर १०२४. मुलगा बेफिकीर नव्हता. त्याने नोट्स पाठ केल्या होत्या आणि त्या टाइप करणाऱ्याने वर चढवायचा दहा दोनाच्या शेजारी बसवला होता. मुलीने फुली मारली, मग खोडली. "अब्बा, चूक त्याची नाही, माझ्या कागदाची आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लाटेक शिकू लागली. ही अक्षरजुळणीची संगणकीय पद्धत. इथे पान डोळ्यांसमोर सजवायचे नसते. साध्या मजकुरात सूचना लिहायच्या: हे प्रमेय, ही सिद्धता, हा अपूर्णांक, याचे वर्गमूळ. पान संगणक जुळवतो. मधे नवे प्रमेय घातले तर पुढचे क्रमांक आपोआप बदलतात, आणि नीट खुणा केलेल्या असतील तर 'प्रमेय ७ पाहा' अशा जागी ७ चा ८ सुद्धा होतो.

याचे मूळ अशाच एका चिडीत आहे. डोनाल्ड कनूथ हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. जुन्या शिशाच्या खिळ्यांची जागा नव्या यंत्राने घेतली होती आणि सूत्रे बघवत नव्हती. त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची भाषा रचायला घेतली. लवकर उरकेल असे वाटलेल्या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. तिचे नाव टेक. कला आणि कौशल्य या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले. मूळ उच्चारात शेवटचा वर्ण 'ख़त'मधल्या ख़सारखा. आमच्या घरी तो कोणाला शिकवावा लागला नाही! १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर सोप्या सूचनांचा थर चढवला, तोच लाटेक. दोन्ही विनामूल्य आहेत. २००४ साली झीटेक आले आणि युनिकोडमधली मराठीही जोडाक्षरांसकट थेट लिहिता येऊ लागली.

पहिली पाने तिने माझ्यासमोर टाकली. मुद्रिते तपासायची मला जुनी खोड आहे. माझा पहिला संग्रह खिळे जुळवून छापला, तेव्हा एक अनुस्वार पडून 'मंद वारा'चा 'मद वारा' झाला होता. तेव्हापासून मी अर्थाआधी अक्षर पाहतो. म्हणून मला दिसले: दोनाच्या डोक्यावर फक्त एक चढला होता, शून्य खालीच राहिले होते.

कारण साधे होते. सूत्र डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहितात आणि घात चढवायला टोपीसारखे चिन्ह देतात. ती टोपी फक्त पुढच्या एका चिन्हाला उचलते. पूर्ण दहा वर न्यायचा तर तो महिरपी कंसात बांधावा लागतो. यंत्राला आपल्या मनातले कळत नाही. लिहिले तेवढेच ते करते. मला वाटते, वाचकाचेही तसेच असते. त्या मुलाने तरी दुसरे काय केले होते?

तिने कंस घातले. मग वर्गात जाहीर केले: नोट्समध्ये चूक दाखवा, एका चुकीला एक पेढा. कल्पना कनूथांचीच. ग्रंथातली चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवत. २००८ पासून त्याऐवजी प्रमाणपत्र देऊ लागले. पंधरा दिवसांत एक मुलगा बावीसावे पान घेऊन आला. तिथे एक वजा चिन्ह गळले होते. पहिला पेढा त्याने नेला.

तोच तो, २१० लिहिणारा.