पेरू, गूळ आणि दाणे यांची घरगुती वडी

मार्गशीर्ष लागला कीं प्रवरेकांठच्या बागांतून पेरूची तोडणी जोरांत सुरू होते आणि त्याच सुमारास बाजारचा भाव उतरूं लागतो, हा अनुभव देवळाली प्रवरा व तिच्या आसपासच्या बागाइतदारांस नवा नाहीं. (देवळाली म्हटलें कीं परगांवचे लोक नाशिकजवळची छावणीची देवळाली समजतात; आमची देवळाली ती अहिल्यानगर जिल्ह्यांतील राहुरी तालुक्याची.) भाव उतरला तरी पहिल्या प्रतीचा माल कसाबसा खपतो. परंतु आकारानें लहान, डागी किंवा एका बाजूनें अधिक पिकलेलें जें फळ, त्याच्या विक्रींतून तोडणीची मजुरी, जाळी व गाडीभाडें इतकेंही सुटत नाहीं, आणि तें बांधावर ढीग घालून कुजत पडतें. त्याच शेतकऱ्याच्या घरीं मुलांच्या दप्तरांत मात्र दुकानांतून आणलेला बिस्किटांचा पुडा असतो. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या, तेव्हां हा विषय वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

शहरांतील दुकानांत हल्लीं चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या ‘एनर्जी बार’ नांवाच्या वड्या मिळतात. नांव परकें असलें तरी वस्तु परकी नाहीं. सुकविलेलें किंवा आटविलेलें फळ, कांहीं तेलबी दाणे आणि तें सर्व एकत्र धरून ठेवणारा गोड पाक, एवढेंच तिचें स्वरूप. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवासी सुकें मांस, चरबी व रानफळें कुटून ‘पेमिकन’ करीत व तें दूरच्या प्रवासांत शिदोरी म्हणून नेत. पुढें ध्रुवप्रदेशांत जाणाऱ्या प्रवाशांनींही तें नेलें. कोंकणांतील आंबापोळी व फणसपोळी, लोणावळ्याची चिक्की, संक्रांतीची तिळाची वडी हीं त्याच जातीचीं. आमच्या कामाचें सर्वांत जवळचें उदाहरण मात्र गोव्याचें आहे. तेथें पेरूचा गर साखरेबरोबर आटवून त्याच्या वड्या पाडतात, त्यांस ‘पेराद’ म्हणतात, व नाताळच्या फराळांत हा पदार्थ असावयाचाच. ब्राझील देशांत यालाच ‘गोयाबादा’ असें नांव आहे. पेरू हें फळ मूळचें उष्ण अमेरिकेंतील आणि भुईमूगही दक्षिण अमेरिकेंतलाच. दोघेही समुद्र ओलांडून आले व आपल्या मातींत इतके रुळले कीं आतां ते परके होते हें सांगावें लागतें. आपल्याकडील बहुतेक बागांत असणारा ‘सरदार’ अथवा ‘लखनौ ४९’ हा वाण तर पुण्याजवळ गणेशखिंडीच्या फळबागेंत डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं निवडलेला आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९२६ सालीं, भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि प्रवरेच्या कालव्यांनीं या भागांत ऊंस व फळबागा वाढविल्या.

गोव्याच्या वडींत साखर असते, दाणे नसतात. आम्ही सुचवितों ती वडी गुळाची व दाण्यांची आहे, आणि त्याचें कारण आपल्या हंगामांत आहे. खरिपाचा भुईमूग आश्विनापर्यंत निघून वाळलेला असतो. तीळ घरांत आलेला असतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळें लागून नवा गूळ मिळूं लागतो. आणि मृग बहराचा पेरू, जो पावसाळी फळापेक्षां गोड, घट्ट व बहुधा किडीवांचून असतो, तोही याच वेळीं उतरतो. हे चारही जिन्नस ज्या दोन महिन्यांत एकत्र मिळतात त्याच महिन्यांत हवा कोरडी असते व वडी वाळते. पावसाळ्यांतील फळाची वडी करूं नये असेंच आमचें मत आहे. त्यांत फळमाशीच्या अळ्या फार व गोडी कमी, आणि हवेंत इतकी ओल कीं केलेली वडी डब्यांतच पाझरूं लागते.

आतां कृति. चार फळांत तीन पूर्ण पिकलेलीं व एक नुकतें पिकूं लागलेलें, टणक असें घ्यावें. पिकलेल्यांत वास व गोडी असते; टणक फळांत ‘पेक्टिन’ नांवाचें द्रव्य अधिक असतें व त्यानेंच गर थिजून वडी धरते. डागी भाग व अळीचा भाग निर्दयपणें कापून टाकावा. फळें धुवून, फोडी करून, पाण्यांत न शिजवितां वाफवून घ्याव्या. पाणी घातलें तर तें पुन्हां आटवावें लागतें व सरपण फुकट जातें. मऊ झाल्या म्हणजे त्या पुरणयंत्राच्या बारीक जाळींतून काढाव्या. बिया वर राहतात, गर खालीं पडतो. साधारण दीड किलो फळांचा एक किलो गर निघतो.

एक किलो गरास पाऊण किलो गूळ, ४०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम तूप, दोन चमचे लिंबाचा रस व चिमूटभर मीठ हें प्रमाण आम्हीं ठेवलें आहे. गूळ शक्य तों काळसर घ्यावा. पिवळाधमक गूळ डोळ्यांस बरा दिसतो, पण तो रंग पुष्कळदां गुऱ्हाळावर घातलेल्या रसायनाचा असतो, आणि पेरूबरोबर आटल्यावर वडी तांबूस व्हावयाची ती होतेच. गुळांत खडे व चिपाड असेल तर तो किंचित् पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा. भांडें जाड बुडाचें, स्टीलचें किंवा चांगल्या कल्हईचें असावें. लोखंडी कढईंत पेरू काळा पडतो, आणि बिनकल्हईच्या पितळेंत तो कळकतो.

गर प्रथम एकटाच मध्यम आंचेवर आटवावा. निम्मा झाला म्हणजे गूळ व लिंबाचा रस घालावा. येथून पुढें ढवळणें थांबवितां येत नाहीं. घट्ट झालेला गर ज्वालामुखीप्रमाणें उडतो व हातावर चिकटून भाजतो; म्हणून उलथनें लांब दांड्याचें घ्यावें, हातास फडकें गुंडाळावें, आणि मुलांस चुलीपासून दूर ठेवावें.

वडी कधीं झाली हें ओळखणें हाच या सर्व प्रकरणाचा कणा आहे, आणि बहुतेकांची वडी फसते ती येथेंच. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊं लागतें, थंड ताटलींत टाकलेला थेंब बोटास चिकटत नाहीं, ह्या जुन्या खुणा खऱ्या आहेत. परंतु त्यांस सराव लागतो. ज्यांस सराव नाहीं त्यांनीं तराजू वापरावा. रिकामी कढई उलथन्यासह आधीं तोलून आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. गर व गूळ मिळून पावणेदोन किलो असतात. पेरूच्या गरांत शेंकडा ८५ हून अधिक पाणीच असतें. म्हणजे किलोभर गरांत खरें फळ १३० ग्रॅमच्या आसपास, आणि गुळांतील थोडी ओल वजा जातां गुळाचें ७०० ग्रॅम. हीं दोन मिळून झालीं ८३० ग्रॅम. वडी मऊ राहून टिकावी यासाठीं त्यांत पावणेदोनशें ते दोनशें ग्रॅम पाणी ठेवावयाचें. अर्थात् कढईंतील मिश्रण एक किलोवर आलें कीं आंच बंद करावी. सव्वा किलोवर उतरविलें तर आठवड्यांत बुरशी धरेल. त्याहून फार खालीं नेलें तर वडी न होतां दांतांस चिकटणारी गोळी होईल. मोठ्या प्रमाणावर करणारे लोक उष्णतामापक व साखरमापक वापरतात. पण घरच्या कामास तराजू पुरे.

उतरल्यावर लगेच भाजून, सालें काढून भरड केलेले दाणे, भाजलेले तीळ, तूप, मीठ व हवी तर सुंठ घालावी. दूध किंवा खवा घालूं नये. पेरूच्या आंबटपणानें तें नासतें आणि टिकाऊपणा जातो. तूप लावलेल्या ताटांत बोटभर जाडीचा थर वाटीच्या बुडानें दाबून बसवावा व रात्रभर तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं वड्या कापून त्या पातळ फडक्याखालीं, वारा असेल अशा सावलींत दोन दिवस उलटसुलट कराव्या. उन्हांत ठेवूं नये. दाण्यांचें तेल उन्हानें लवकर खवट होतें. एकूण दीड किलोवर वडी मिळते. ती तेलकट कागदांत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवल्यास थंडीच्या दिवसांत महिनाभर चांगली राहते. वडीस पाणी सुटलेलें दिसलें तर पुन्हां वाळवावी. बुरशी दिसली तर वरवर खरवडून खाऊं नये, ती टाकावी.

शेंगदाण्याविषयीं मात्र आम्हांस अधिक कडक शब्दांत लिहिलें पाहिजे. फोलपट निघालेले, सुरकुतलेले, हिरवट-पिवळट बुरशीचे दाणे ‘कुटून घातले तर कळत नाहींत’ म्हणून अशा पदार्थांत ढकलण्याची वाईट संवय पुष्कळ घरांत आहे. १९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. शोध करतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें. त्यास पुढें ‘अफ्लाटॉक्सिन’ हें नांव मिळालें. हें विष यकृतास घातक असून कर्करोगास कारण होतें, आणि नेहमींच्या भाजण्यानें तें पूर्णपणें नाहींसें होत नाहीं. काढणीच्या वेळीं पाऊस लागून ढिगांत राहिलेल्या शेंगांत ही बुरशी धरते. उपाय इतकाच कीं शेंगा काढल्याबरोबर पसरून वाळवाव्या, दाण्यांत शेंकडा आठांहून अधिक ओल राहूं देऊं नये, आणि भाजण्यापूर्वीं ताटांत पसरून एकेक दाणा निवडावा. जो दाणा तुम्ही विकत घेतांना नाकाराल तो मुलाच्या वडींत घालूं नका.

पेरूची प्रसिद्धी त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वासाठीं आहे. तें जीवनसत्त्व तासभर आंचेवर आटविल्यानें बरेंचसें नष्ट होतें. म्हणून वडी ही ताज्या फळाची जागा घेईल असें कोणी समजूं नये. ताजें खातां येईल तेवढें ताजेंच खावें. वडींत उरतो तो फळाचा तंतु, गुळाची गोडी आणि दाण्यांतील स्निग्धांश व प्रथिनें. ढोबळ हिशेबानें १०० ग्रॅम वडींत ४०० च्या जवळपास उष्मांक व आठ ग्रॅम प्रथिनें पडतात. पाणी भरणाऱ्या गड्यास किंवा शाळेंत चालत जाणाऱ्या मुलास हें उत्तम. पेढीवर बसणाऱ्यास व मधुमेह्यास नव्हे, कारण वजनाच्या निम्मा गूळच आहे.

दुसऱ्या फळांविषयीं विचारणा होईल. चिकूची वडी चांगली होते, पण त्यांत आंबटपणा नसल्यानें लिंबू दुप्पट घालावें. बोरांचा गर चालतो. अंजीर वाळवून, कुटून, विना-आंच दाण्यांत मळावें. तें सर्वांत सोपें. सीताफळाच्या वाटेस जाऊं नये. त्याचा गर तापविला कीं कडू होतो. मोसंबीला आटविण्याजोगा गरच नाहीं.

राहतां राहिली मेहनत. वरील कृति वाचून पुष्कळ गृहस्थ मान डोलावतील व मासिक घरांत देऊन बागेकडे निघून जातील. फळें कापणें, वाफविणें, यंत्र फिरविणें आणि चुलीपुढें तास-दीड तास न थांबतां ढवळणें हें काम एका बाईच्या दिवसाचें आहे, आणि तो दिवस तिच्या इतर कामांतून कोणी वजा करीत नाहीं. एक किलो गरासाठीं हा खटाटोप परवडत नाहीं. तीन-चार किलो एकदम घेऊन, ढवळण्यास घरांतील धडधाकट पुरुषानें बसलें, तरच परवडतो. आमच्या पाहण्यांत हें जेथें झालें तेथें वड्या दरवर्षीं होतात. जेथें झालें नाहीं तेथें एकदांच झाल्या.

विक्रीचा विचार ज्यांच्या मनांत येईल त्यांनीं आधीं एक हंगाम घरापुरतें करून पाहावें, प्रत्येक खेपेचीं वजनें व किती दिवस टिकली हें वहींत लिहावें, आणि ढवळणाऱ्याची मजुरी खर्चांत धरावी. ती धरल्यावर भाव कितीही चढला तरी चालेल, पण ती न धरतां लावलेला भाव खोटा. विकावयाचें झाल्यास अन्नसुरक्षा कायदा, २००६ याखालीं नोंदणी करावी लागते, व वेष्टनावर घटक, वजन व तारीख छापावी लागते. फळप्रक्रियेविषयीं सल्ला हवा असल्यास राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ, जें १९६८ सालीं स्थापन झालें, तें देवळालीकरांस अगदीं हाकेच्या अंतरावर आहे. जातांना आपली एक वडी व वजनांची वही बरोबर न्यावी.