पुरुषांची रंगभूषा

पुरुषाने चेहऱ्याला रंग लावणे कमीपणाचे, ही समजूत वाटते तितकी सरसकट नाही. कपाळी गंध, कानात भिकबाळी, डोळ्यांत सुरमा, लग्नात अंगभर हळद ही पुरुषांचीच भूषा होय. तिला कोणी हसत नाही. हसू येते ते पावडरीच्या डबीला आणि ओठांवरच्या लालीला. म्हणजे अडचण रंगाची नसून रंगाला चिकटविलेल्या अर्थाची आहे. तो अर्थ बाजूस सारून पुरुषाला आरशासमोर निःसंकोच बसविण्याचे काम आपल्याकडे रंगभूमीने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ते तिला कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे.

बंगळूरचे मल्लेश्वरम मराठी माणसाला अगदीच परके नाही. तेथील काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजे भोसल्यांचा १६६९ सालचा शिलालेख निगडित आहे. याच वस्तीत सेवासदनाचे सभागृह असून तेथे नृत्यनाट्याचे प्रयोग होतात. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून पोटापाण्यासाठी बंगळुरास आलेल्या मंडळींनी आपले यक्षगानही बरोबर आणले. त्यांतील कित्येक हौशी नट दिवसा कचेरीत बसतात आणि रात्री अर्जुन किंवा भीम होतात.

यक्षगानाचा रंगपट ही एक शाळाच म्हणावयास हवी. परंपरेने येथे नट आपला चेहरा आपणच रंगवितो. आधी खोबरेल तेल चोळावयाचे, त्यावर पिवळट-तांबूस रंगाचा हात द्यावयाचा, मग काजळाने भुवया आणि डोळे लांबवावयाचे, कपाळी नाम रेखावयाचा. राक्षसाचे काम असेल तर दक्षिणेकडील पद्धतीत तांदळाचे पीठ आणि चुना कालवून चेहऱ्यावर ठिपक्याशेजारी ठिपका उभा करतात. त्यास तासन्‌तास लागतात. नवशिक्याचा संकोच येथे उपदेशाने जात नाही. एका आरशात भीम रंगत असतो, शेजारच्या आरशात द्रौपदी. आणि परंपरेप्रमाणे दोघेही पुरुषच. रंग हे बाईपणाचे लक्षण नसून पात्राचे लक्षण आहे, हे त्याच्या डोळ्यांनाच पटते. शिवाय स्वतःच्या हाताने ओढलेली रेघ आपलीशी वाटते. दुसऱ्याने घाईघाईने फासलेल्या रंगाखाली चांगला धीट माणूसही अवघडून जातो.

मराठी नाटकाचे या परंपरेशी जवळचे नाते आहे. उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, तेव्हा ते पाहून सांगलीच्या अधिपतींनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसा प्रयोग करण्यास सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगले. त्यानंतर कित्येक दशके आपल्या नाटकांतील नायिका पुरुषच होते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तोवर बालगंधर्वांचे नाव घरोघर पोहोचलेले होते. त्यांची लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रियांनी उचलली. ज्या समाजाला पुरुषाची पावडर खटकते, त्याच समाजाने सौंदर्याचा धडा एका पुरुषाकडून घेतला, ही मौज लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोकणातल्या दशावतारात तर आजही पुरुष नट स्वतःच्या हाताने रंग लावून स्त्रीपात्रे उभी करतात.

पण ही मोकळीक बहुधा रंगपटाच्या दारापर्यंतच टिकते. तमाशापटांतील नाच्याच्या भूमिका गाजविणाऱ्या गणपत पाटलांच्या खऱ्या आयुष्यालाही तोच शिक्का चिकटला, आणि त्याचा जाच त्यांना सोसावा लागला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा आणि २०१० साली तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाचा विषयही नेमके हेच दुःख. कला वाखाणावयाची आणि कलावंताला हिणवावयाचे, हा व्यवहार न्यायाचा खासच नव्हे.

रंगमंचाशी काडीचा संबंध नसलेल्या पुरुषालाही कधी रंगाची गरज पडते. ज्याच्या गालावर कोडाचा डाग उठला आहे अशा तरुणाचे उदाहरण घ्यावे. कोड संसर्गजन्य नाही. तरीही लोकांच्या नजरा त्याला पुरेशा छळतात. त्वचेच्या रंगाशी जुळणारे आच्छादक प्रसाधन त्वचारोगतज्ज्ञही सुचवितात. परंतु ‘बायकी’ म्हणवून घेण्याच्या धास्तीने ते घेण्यास तो कचरतो. अशा वेळी रंगपटाची रीत उपयोगी पडते. पहिला प्रयोग घरी, सुटीच्या दिवशी, विश्वासाच्या माणसासमोर करावा, आणि हात स्वतःचाच असावा. रंग दिव्याच्या उजेडात न जुळविता खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात जुळवावा. जुने नट मुर्दाडशिंग, हरताळ, हिंगूळ वापरीत. त्यांत अनुक्रमे शिसे, सोमल आणि पारा असतो, तेव्हा त्या वाटेस मुळीच जाऊ नये. नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. रात्री ते आधी तेलाने हलकेच पुसावे, मग तोंड धुवावे. कोडाच्या कातडीला घासणे सोसत नाही, घासलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. घरच्यांनी एवढेच पाहावे की, तो आरशासमोर असताना कोणी दारात उभे राहून हसणार नाही.